सातव्या करंजावरची फुली

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात लेथ मशीनपेक्षा जुनी अशी दोनच मंडळी उरली होती: आवारातले सात करंज आणि त्यांचा माळी व्यंकोजी. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत दोघांनाही एकाच आठवड्यात मोडीत काढण्यात आलं. व्यंकोजीला निवृत्तीचं पत्र, करंजांना चुन्याच्या फुल्या.

"एकावर पान नाही, अण्णा," मॅनेजर उमाकांत म्हणाला. तो बेळगावकडचा, त्यामुळे कन्नड मुलखातही दोघांचं भांडण मराठीत व्हायचं. "मेलीत झाडं. तोडून इथं नवी शेड घालायची."

"माघात करंज असाच नागडा होतो, साहेब. तुमच्या केबिनला खिडकी नाही, त्याला तो काय करणार?" व्यंकोजीनं नखानं साल खरवडली. आत हिरवं, ओलं. "पंधरा दिवस थांबा. पालवी फुटली नाही तर करवत मी धरतो."

"सरी, ठीक आहे. पण सातही फुटले पाहिजेत."

व्यंकोजी शब्द तर देऊन बसला, पण सातवा तोंडघशी पाडणार होता. बुंध्याला बशीएवढी अळंबी, शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या, आणि खोडावर लाकडी हातोडा मारला की रिकाम्या पिंपासारखा आवाज. शिवाय सातांपैकी एकाच्याही खाली रोप नाही. असणार कुठून? आवार लख्ख दिसावं म्हणून अठरा वर्षं पडलेल्या शेंगा व्यंकोजीनंच रोज झाडून नेल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या घरात पाळणा हलू दिला नाही, आणि वर चोख कामाबद्दल शाबासकी घेतली! त्या दिवशी त्यानं खराटा भिंतीला टेकवला, तो टेकवलाच.

पंधराव्या दिवशी सहा करंज पोपटी होऊन उभे. सातव्याच्या मात्र एकाच फांदीवर चार पानं.

उमाकांतनं हसू दाबलं. "एवढीच, अण्णा?"

व्यंकोजीनं तोंड वासून दाखवलं. "मलाही एकाच बाजूला दात आहेत, साहेब. तुमच्या गृहप्रवेशाला चकल्या कुणी संपवल्या? झाड सालीवर जगतं. आत पोकळ झालं म्हणून मेलं नाही."

आणि उत्तराची वाट न बघता त्यानं ओल्या गोणपाटानं सातवी फुली पुसून टाकली.

उमाकांतनं शेडच्या नकाशाची गुंडाळी केली. "शेड स्वल्प, थोडी पलीकडे सरकवू. पण तुम्ही तरी एकतीस मार्चला घरी जाणार ना?"

"जाईन की. पण शेंगा पडू लागल्यात. रोपं वर आली की बघायला येणार. गेटवर सांगून ठेवा."