सर आमच्या घरी राहतात

आमच्याच घरातून आम्हाला बाहेर काढलं, तेव्हा मी चौथीत होते.

आमच्या पाड्यावरच्या शाळेचे सर सकाळीच जव्हारहून गाडी घेऊन आले. गाडीत गादी, मच्छरदाणी, एक सूटकेस. माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, म्हणाले, "आज साहेब येणार आहेत. समोरची खोली मोकळी करा. तुम्ही मागं बसा, साहेब गेले की या."

जो शिक्षक शाळेच्या गावातच राहतो त्याला सरकारकडून घरभाडं मिळतं. सर राहायचे जव्हारला, स्वतःच्या बंगल्यात. पण शिक्षण खात्याचे साहेब तपासायला येणार म्हटलं की एका दिवसापुरते ते आमच्या कुडाच्या घरात राहायचे. भाडं? आम्हाला साखर आणि चहाचा पुडा मिळायचा. बाला तेवढ्याचाही आनंद व्हायचा.

आईनं रात्रीच सारवून ठेवलं होतं. आमची गोधडी, मडकी, नाचणीची कणगी, सगळं मागं ढकललं. सरांनी खुंटीला शर्ट अडकवला. भिंतीवर मुलीचा फोटो लावला. टाय घातलेली, नाशिकच्या इंग्रजी शाळेतली मुलगी. माझ्याच वयाची. मी बघतच राहिले.

साहेब आले. सरांनी मला हाक मारली, चहा आणायला सांगितला. चहापत्ती त्यांचीच, दूध त्यांचंच, कप त्यांचेच. आमच्या घरातलं पाणीसुद्धा त्यांना चालायचं नाही, तेही बाटलीतून आणलेलं. साहेबांनी विचारलं, "ही कोण?"

सर म्हणाले, "भांडी घासायला येते."

माझ्या घरात. माझ्या आईनं सारवलेल्या जमिनीवर उभी होते मी. बा दारात होता, त्यानं ऐकलं. खाली बघत राहिला.

मग दोघं मार्चच्या टॅक्सबद्दल बोलत बसले. मुलीची फी दाखवून इतका वाचतो, घरभाड्यात इतका वाचतो. हसत होते. कप परत घ्यायला मी थांबले होते. माझ्याकडे बघून सर म्हणाले, "आपण टॅक्स भरायचा साहेब, आणि यांची पोरं फुकट शिकणार. पुस्तकं फुकट, कपडे फुकट, खिचडी फुकट."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत खिचडी खाल्ली नाही. लाज वाटली. मला वाटलं, आपण कुणाचं तरी चोरून खातोय. हे त्या माणसानं मला शिकवलं. दुसरं फार काही शिकवलं नाही. अकराला यायचे, दोनला गाडी चालू करायचे. पाचवीला आश्रमशाळेत गेले तेव्हा मला भागाकार येत नव्हता.

तरी बारावी झाले. नर्स व्हायचं होतं. त्याची परीक्षा असते, क्लासशिवाय जमत नाही म्हणाले. आईबानं वीटभट्टीच्या मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली, बोकड विकला. मी आणि बा नाशिकला फी भरायला गेलो. टेबलामागच्या बाईंनी फी सांगितली, वर अठरा टक्के आणखी. बानं सदऱ्याच्या आतला खिसा उलटा केला. पुरेना.

मी विचारलं, "हे वरचे कसले?"

"गव्हर्नमेंटचा टॅक्स. सगळ्यांनाच लागतो."

सगळ्यांनाच.

क्लासचा जिना उतरताना माझं डोकं तापलं. म्हणजे आम्हीही भरतो. साबणावर भरतो, चपलेवर भरतो, मोबाइलच्या रिचार्जवर भरतो. आई भट्टीवर विटा थापते आणि आम्हाला पेन विकत घेते तेव्हा भरते. तिला कुणी सूट देत नाही. आणि मी लहानपणी एका ताटभर खिचडीसाठी मान खाली घालून बसले होते. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

फीचे हप्ते करून घेतले. पहिला भरला. दुसरा जमला नाही. क्लास अर्ध्यात सुटला, नर्सिंग राहिलं. आता भिवंडीच्या गोदामात खोकी पॅक करते.

गेल्या थंडीत घरी आले होते. धाकटी बहीण जयू तिसरीत, त्याच शाळेत. सर बदलले होते, बिछाना मात्र आमच्याच घरी यायचा. हे सर तरुण, गोड बोलणारे. "ताई, उद्या तपासणी आहे, जरा सहकार्य करा," म्हणाले. आई सारवायला बसली. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेब अंगणात आले. मीच पुढं होते. साहेबांनी विचारलं, "सर इथंच राहतात ना?"

"नाही. इथं आम्ही राहतो."

सरांचा चेहरा उतरला. "ही भिवंडीला असते साहेब, हिला काय माहीत?"

साहेबांनी बाच्या तोंडाकडे पाहिलं. बानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"रहतात साहेब. सर हितंच रहतात. पोरीला काय ठाव नाय."

झालं. साहेबांनी चहा घेतला आणि गेले. काही झालं नाही. सरांनी मात्र गादी उचलून शेजारच्या बरकूकाकाकडे नेली. साखर आता त्यांच्याकडे जाते.

संध्याकाळपर्यंत सगळा पाडा माझ्यावर उलटला. बा तर ओरडलाच. "एकच मास्तर हाय. बदली मागून गेला मंग? शाळा बंद पडंल, तुला काय, तू जाशील भिवंडीला!"

मी जयूला जवळ घेतलं, तिचं पुस्तक उघडलं आणि म्हटलं, बाला वाचून दाखव. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत राहिली. एक ओळसुद्धा पुरी झाली नाही. मग रडायला लागली.

"बा, शाळा आज चालू आहे का?" मी विचारलं.

बा उठून बाहेर गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आई फोनवर बोलते, पण हा विषय काढला की फोन ठेवते. जयू वाचायला शिकेल असं मला वाटत नाही. मी महिन्यातून दोन दिवस येऊन किती शिकवणार?

पण हे सर तपासणीच्या आदल्या दिवशीच सामान आणतात, पाड्याला कळतंच. जयूनं मला फोन करायचा, एवढं आम्ही दोघींनी ठरवलंय. खाडा पडू दे, काम सुटू दे. मी येणार. बरकूकाकाच्या दारात उभी राहणार, आणि साहेबांनी विचारलं नाही तरी सांगणार.