आत्या पुरे म्हणेपर्यंत

खोडाळ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानावर एका संस्थेची खोली आहे. तिथे योगिता बसते. पाण्याचा टँकर चालवतो नितीन, पण कुठल्या पाड्यावर जायचं तो कागद त्याला योगिताकडून मिळतो, म्हणून उन्हाळाभर डोंगरावर तिचा शब्द चालतो. पोरगी जामसरची. जव्हारला कॉलेज केलं, तिथेच पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकली, आणि शिकली ते पक्कं शिकली. आता खोटं कशाला बोला, थोडी शिष्टच आहे. पण ज्याला काम येतं त्याचा शिष्टपणा खपून जातो.

ती येण्याआधी पाड्यांची नावं पाठकोऱ्या कागदावर, कधी तर नितीनच्या तळहातावर लिहिलेली असत. योगिताने एका दुपारी बसून प्रोग्राम लिहिला.

"कॉम्प्युटर एका वेळी एकच ओळ ऐकतो," तिने नितीनला सांगितलं. "म्हणून त्याला पुन्हा पुन्हा विचारायला लावायचं. नाव टाकून एंटर मारलं की ते यादीच्या शेपटाला जोडायचं आणि पुढचं मागायचं. रिकामी ओळ आली की समजायचं, संपलं."

मग पडद्यावर 'यादी पूर्ण' असं यायचं आणि प्रिंटरमधून कागद निघायचा. नितीनच्या डोक्यावरून गेलं सगळं, पण कागद स्वच्छ होता, त्याला तेवढं बस होतं.

सूर्यमाळकडच्या पाड्यांची नावं गंगी आत्या फोनवरून सांगायची. आत्या नात्याची नव्हे, सगळ्या डोंगराचीच. तिच्या घरामागच्या एका दगडावर उभं राहिलं तरच रेंज येते. आणि तिची बोलायची तऱ्हा अशी, की एक नाव सांगणार, मग फोन कानाला तसाच ठेवून कुणाला तरी हाक मारणार, खातरजमा करणार, मग दुसरं नाव. घाई तिला माहीतच नाही.

"उंबरपाडा लिही," आत्या त्या दिवशी म्हणाली. "बोरीचा पाडा लिही. थांब गं जरा."

योगिता थांबली, पण तिचं बोट कुठलं थांबायला. चाळा म्हणून ते एंटरवर पडलं. पडद्यावर 'यादी पूर्ण' आलं आणि त्याच सुमारास तिकडे रेंजही गेली. योगिताला शंकासुद्धा आली नाही. आपलाच प्रोग्राम पूर्ण म्हणतोय म्हटल्यावर परत फोन कशाला करायचा? तिने कागद नितीनच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"पोरी, टँकर बोरीच्या पाड्यावरूनच मागं वळला. आमच्याकडं नाय आला. आमच्या बाया दरीतल्या झऱ्यावर गेल्या. तिथं वाटीवाटीनं भरावं लागतं, म्हणून विचारते."

आत्या चिडली असती तर बरं झालं असतं. योगिताने यादी उघडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या, तुमचा पाडा आधी का नाही सांगितलात?"

"आपलं आधी कसं सांगू? पंगतीत वाढताना मी आधी माझंच पान वाढते का?"

आत्या दर खेपेला स्वतःचा पाडा शेवटी सांगत आली होती आणि योगिताच्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. ती खुर्ची ओढून बसली आणि चहा निवायच्या आत प्रोग्राम बदलला. आता रिकामी ओळ आली तर तिकडे काणाडोळा करायचा आणि पुन्हा विचारायचं. कुणी 'पुरे' असं लिहिलं तरच थांबायचं.

सकाळी टँकर भरून खाली उभा होता. आत्याने उंबरपाडा सांगितला, बोरीचा सांगितला, थांब म्हणाली आणि फोन कट झाला. योगिताने मुद्दाम एंटर मारलं. पडद्यावर आलं, 'पुढचा पाडा?' आणखी एकदा मारलं. पुन्हा तेच.

नितीन जिन्यावरून डोकावला. "झालं का? निघू?"

"नाही. आत्या पुरे म्हणालेली नाही."

तो कुरकुरत जिन्यावरच बसला. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"पोरी, हायेस का?"

"आहे. सांगा."

"मग आता आमचा लिही. पुरे."

योगिताने लिहिलं. मात्र या खेपेला एक ओळ बदलून तिने ते नाव शेपटाला न जोडता यादीच्या डोक्यावर बसवलं आणि कागद काढला.

नितीनने वाचला. "आत्याचा पाडा सगळ्यात वर? तिला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तिने खाली ढकलला असता," योगिता म्हणाली. "तिला वाढायला दुसरं कोण आहे? जा, आधी तिच्याकडे जा."