बाजाराच्या दिवशी लिंक नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, शबानाला तर नाहीच — शबाना म्हणजे माझी धाकटी बहीण. मग तुम्हाला का सांगतोय? तेही मला नीट कळत नाही.

मोबाईलवर नेट यायच्या आधी अहेरीत माझं सायबर कॅफे होतं. तीन कॉम्प्युटर, एक टेलिफोन लाईन. लोकांचे ई-मेल मीच उघडून द्यायचो आणि पासवर्ड माझ्याच वहीत लिहून ठेवायचो, कारण ते विसरायचे. भरवशाचा माणूस ना मी. कुणाचा मेल चोरून वाचला नाही, असं म्हणू? वाचला. कितीदा तरी.

मंदा नदीपलीकडच्या गावची, धानाची शेती करणाऱ्या घरातली. तिनं नर्सिंगचा अर्ज माझ्याकडेच भरला. टपाल गावात उशिरा पोचतं, ई-मेलच दे, असं मीच सुचवलं होतं. शबानाचाही अर्ज त्याच नर्सिंग कॉलेजात होता — तिचं नाव वेटिंगवर पहिलं.

एक दिवस मी मंदाचा मेल उघडला. तिची निवड झाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर जागा वेटिंगवरच्या मुलीला.

ती मुलगी म्हणजे — कळलं ना?

मंदा दर आठवडी बाजाराला यायची. त्या दिवशी सकाळीच मी मोडेमची वायर काढून ठेवली. येईल त्याला एकच उत्तर, लिंक नाही. आमच्याकडे लाईन आठ-आठ दिवस बंद असायची, शंका कोण घेणार? दुसऱ्या बाजाराला तिनं विचारलं, "काऊन भाऊ, आजबी नाई?" मी मान हलवली, वर टेलिफोनवाल्यांना चार शिव्या हासडल्या. लाज वाटली का? वाटली. तरी वायर लावली ती गेल्यावरच.

तिसऱ्या बाजाराला तिनं मेल उघडला तेव्हा तारीख उलटून गेली होती. तो न वाचलेला दिसेल अशी व्यवस्था मी केली होती — तेवढी अक्कल होती मला. मंदानं तो दोनदा वाचला. रडली नाही. छापून मागितला. "बाबाले दाखवा लागते," म्हणाली, "माहा नंबर लागला होता म्हनून."

मी छापून दिला. निघताना तिनं माझा चेहरा पाहिला. "तुमी कायले तोंड पाडून बसले, भाऊ? तुमच्या हातात काय होतं?"

सगळं माझ्याच हातात होतं.

मंदा अजून दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला जाते. शबाना त्याच भागातल्या दवाखान्यात नर्स आहे. मंदाच्या दोन्ही लेकरांना सुया तिनंच टोचल्या, आणि दर वेळी मंदा तिच्याजवळ माझी खुशाली विचारते.