आईचं बोलणं पुसून टाक

माझ्या आईचं बोलणं भिंतीवर व्हतं आणि समदी लॅब हसत व्हती.

बारामतीचं इंजिनिअरिंग कॉलेज. दुसरं वरीस. पायथनचं प्रॅक्टिकल. इंटरनेटवर नुसता मजकूर ठेवायच्या वेबसाइटी असत्यात. आपण लिहिलेलं तिथं पाठवायचं, साइट ते ठेवून घेती आणि एक लिंक देती. लिंक ज्याला द्याल त्याला ते वाचता येतं. हे आपल्या प्रोग्रॅममधनं करायचं व्हतं. त्यासाठी एक छोटी लायब्ररी व्हती, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. तो वापरायचा, मजकूर द्यायचा, लिंक घ्यायची. चार-पाच ओळींचं काम.

बाकीच्यांनी ‘हॅलो’ पाठवलं. माझ्या डोक्यात सकाळचा आईचा फोन व्हता, आमच्या गावावरनं, लोणी भापकरवरनं आलेला. मी तिचंच बोलणं टाईप केलं. ‘हितं समदं बरं हाय. शेळी व्याली. तू जेवलीस का?’

लिंक आली. उघडली तर अक्षर न् अक्षर जसंच्या तसं. मला लई भारी वाटलं. माझ्या हातनं काहीतरी पहिल्यांदाच जगात गेलं व्हतं.

सरांनी माझी लिंक प्रोजेक्टरवर लावली. एकेक शब्द चावून वाचलं. ‘हाय’वर थांबले.

“हाय? कुणाला हाय करतेस?”

शेजारी मृण्मयी बसायची, डॉक्टरांची मुलगी. ती म्हणाली, “सर, शेळीला!”

लॅबमधी हशा पिकला. सर पण हसले. मग म्हणाले, “हे कॉलेज आहे, मेंढरांचा वाडा नाही. पुसून टाक ते.”

मी पुसलं.

मेंढरांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं घर मेंढरामागं फिरायचं ते आबा, म्हणजे माझे वडील, लहान असताना. आता शेती हाय. मी जन्मात मेंढरू राखलं न्हाय. पण सरांना आडनाव पुरलं.

त्या दिवसापासनं माझ्या तोंडाला कुलूप बसलं. बोलायच्या आधी वाक्य मनात घासायची. आहे. नाही. होय. इथे. तिथे. कॅन्टीनला चहा मागताना पण. घासून घासून बोलणं माझं ऱ्हायलंच न्हाय. आईचा फोन आला की जिन्याखाली जाऊन घ्यायची. तिच्याशी पण तसंच बोलाया लागले.

आई हसायची. “कुणासंगं बोलतीयास गं? माझ्यासंगं का सायबासंगं?”

मग हसायची थांबली. तिचे फोन आखूड झाले. “तुला काम असंल, ठिवते.”

एका दुपारी फोन आला. आई आबांना म्हणत व्हती, “तुमीच बोला. मला तिच्यावानी बोलाया येत न्हाय.”

हे ती मला म्हणत नव्हती. पण मला ऐकू आलं. आबा हॅलो हॅलो करत ऱ्हायले. जिनं मला बोलाया शिकवलं, ती माझ्याम्होरं बोलाया लाजत व्हती. सर मला हसले व्हते. आईला गप मी केलं व्हतं.

जेवण गेलं न्हाय. बसवंना, उभं ऱ्हावंना. हॉस्टेलच्या गच्चीवर उन्हात नुसत्या चकरा मारल्या.

वर्षाच्या शेवटी परीक्षा. बाहेरनं परीक्षक आलेले. मला तोच प्रोग्रॅम आला. सर माझ्या खुर्चीमागं येऊन हळूच म्हणाले, “साधं इंग्रजीत टाक. तमाशा नको.”

मी ‘हॅलो’ लिहिलं. बघितलं. खोडलं. लिहिलं, ‘आये, मी तुझ्यावानीच बोलते.’

प्रोग्रॅम चालला. लिंक आली. परीक्षकांनी उघडून वाचली.

“पुसून टाक,” सर म्हणाले.

“न्हाय सर.”

“काय?”

“पुसणार न्हाय. प्रोग्रॅम चालतोय का न्हाय ते तपासा. माझ्या बोलण्याची परीक्षा न्हाय ही.”

कुणी हसलं न्हाय. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, “पुढचा विद्यार्थी घ्या.” माझ्या बाजूनं ते पण बोलले न्हायत.

सरांच्या हाताखाली एक प्रोजेक्ट चालू व्हता, त्यात माझं नाव व्हतं. त्यांनी केबिनमधी बोलावलं. “माफीनामा लिहून दे. नाहीतर प्रोजेक्टमधून नाव काढतो.” त्या प्रोजेक्टवर पुढची नोकरी ठरणार व्हती. मी लिहून दिलं न्हाय. नाव गेलं. माझ्या जागी मृण्मयी आली. फोनवर सांगितलं तर आई घाबरली. “कशाला नडलीस गं? गप बसायचं व्हतंस.” पण हे ती पयल्यासारखं बोलली. ढसाढसा रडत, तोंडभरून.

आता मी इंदापूरला एका छोट्या ऑफिसात कोड लिहिते. पगार बेताचा. परवा मालक म्हणाले, “कस्टमरशी बोलताना जरा भाषा सुधारा.”

मी विचारलं, “माझ्या बोलण्यात काय कळलं न्हाय तुमाला?”

ते म्हणाले, “कळतं हो सगळं. पण बरं दिसत नाही.”

राग आला. अजून हाय. तो जावा असं मला वाटत पण न्हाय. ह्यापुढं कॉलेज असू दे, ऑफिस असू दे, कुणी बी असू दे. कळलं न्हाय तर विचारा. पुन्हा सांगीन. धा वेळा सांगीन. बदलून सांगणार न्हाय.