दोन खोल्या आणि नागूबाईची मेंढरं

बिराप्पानं साऱ्या जन्मात मुक्कामाचं भाडं म्हणून कधी दिलं नाही. उलट मुक्काम करायचे पैसे त्यालाच मिळायचे. मेंढरं रातभर रानात बसली की लेंडीखतानं रान पोसतं, म्हणून जळकोटच्या आसपासचे शेतकरी त्याला आपणहून बोलवायचे आणि सकाळी ज्वारी नाहीतर नोटा हातावर ठेवायचे. आधी बसायचं, मग घ्यायचं. या धनगराला व्यवहार ठाऊक तो एवढाच.

साठी उलटली आणि गुडघ्यानं दगा दिला. सोलापुरात नोकरी करणाऱ्या सुरजनं, त्याच्या पोरानं, एकच लावून धरलं. मेंढरं विका, हायवेलगतच्या दोन खोल्या घ्या, भाड्यानं द्या आणि बसून खा. खोल्यांना चारा लागत नाही, लांडग्याचं भ्या नाही. बिराप्पाला पटलं. खोल्यांचे मालक राजशेखर यांनी किंमत सांगितली, ती यानं मनातल्या मनात मेंढरांत मोजली. स्वतःची सगळी विकली तर बरोबर भागत होतं, आणि नागूबाईची डझनभर शिल्लक राहत होती. ती तिची. लग्नात तिच्या बापानं एक कोकरू आंदण दिलं होतं, त्याचाच हा वंश. खुशीत येऊन गड्यानं बायकोला न विचारता इसार देऊन टाकला.

इथंच फसला की! मेंढराच्या बाजारात ठरलं ते ठरलं. पैसे मोजा, जनावर हाका, चालू लागा. खोल्यांचं तसं कुठं असतं? स्टॅम्प आणि रजिस्ट्रीतच चार मेंढरं गेली. मीटरात एक. मग बोअरच्या पाण्यातला वाटा, संडासाची टाकी, गळक्या पत्र्याचं काम. बिराप्पा मोजत गेला. हिशोब थांबला तो नागूबाईच्या शेवटच्या मेंढीपाशी. भाडेकरूचा तर अजून पत्ताच नव्हता.

दोन दिवस तो बायकोची नजर चुकवत हिंडला. शेवटी सांगावंच लागलं. नागूबाई कोकराला पाजत होती. ओरडली नाही, रडली नाही.

"खोलीला चारा लागत न्हाय म्हनत होता," ती म्हणाली. "मग आत पाय ठेवायच्या आधीच एवढं खाया कसं मागती?"

बिराप्पाला लाज वाटली, लई वाटली. दुपारभर तो त्या रिकाम्या खोल्यांपुढं जाऊन बसला. दोन्ही घेतल्या तर वरचा खर्च निघायलाच दोन वर्षांचं भाडं जाणार, आणि तोवर हातात काय? गुडघ्याची गोळी कशातून आणायची, आणि मेंढरं गेलेल्या नागूबाईच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? उठून तो थेट राजशेखर यांच्या दारात गेला आणि एकच खोली द्या म्हणाला.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. सौदा दोनचा झाला होता. शेवटी कबूल झाले, पण इसारातून दोन मेंढरांचे पैसे कापून घेतले. फोनवर सुरज तणतणला, एका खोलीत काय पिकणार म्हणाला. बिराप्पानं ऐकून घेतलं. विकून मेंढरांचं निम्मं खांड राहिलं, त्यात नागूबाईची सगळी. तेवढी नागूबाईच गावाजवळच्या माळावर एकटी चारत होती.

महिन्याभरानं खोलीला भाडेकरू मिळाली. शिवकन्या, दवाखान्यातली नर्स. सामान उतरवायच्या आधीच तिनं पर्स उघडून महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट पुढं केलं. बिराप्पा दोन पावलं मागं सरला.

"आधी ऱ्हावा तर, ताई. सकाळी बघू."

बिचारीला काही कळेना. नागूबाई पुढं झाली, पदराला हात पुसला आणि तळवा पसरला.

"द्या हिकडं. आमी बी आधीच दिलंय."