खिडकीतली खंडेनवमी

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलचे आमचे शेजारी खेळातल्या, पण हुबेहूब खऱ्या दिसणाऱ्या पिस्तुलांना मुठी बसवतात. आधी माणसाचा हात दाबून बघतात. मला म्हणाले, "अक्रोडाची मूठ विसरा, वहिनी. तुमच्या घामट हाताला रबरच!"

खंडेनवमीला त्यांनी काळं मॅट फिनिश दिलेलं पिस्तूल हळदकुंकू लावून रस्त्याकडच्या खिडकीतच पूजेला मांडलं. कुणीतरी पोलिसांना फोन केला असावा. मी त्यांच्याकडे बसलेली असतानाच गाडी थांबली आणि बंदुका घेतलेले दोन पोलीस उतरले.

"अहो, ते लपवा!" मी कुजबुजले.

"कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. दोन्ही हात वर करून ते दारात गेले आणि इंग्रजीत ओरडले, "आधी या बाईंना जाऊ द्या! त्या फक्त शिरा खायला आल्यात!"

त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी माझा पाय निघेना.