खळ्यावरची चौदा माणसं

"ही चौदा माणसं नाहीत. ही एक बाई आहे."

सर असं म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. अलिबागला एका कॉलेजात ऑनलाइन ज्ञानकोशाच्या संपादकांची कार्यशाळा होती. पन्नास-साठ माणसं. समोर पडदा. पडद्यावर चौदा नावं. पहिलं नाव माझं, तिसरं माझ्या आईचं. प्रत्येक नावापुढे लाल अक्षरांत एकच शब्द. बनावट.

मी चौथ्या रांगेत बसले होते. आगंतुक नव्हते. किनाऱ्यावरच्या संपादक म्हणून रीतसर बोलावणं आलं होतं. बोलावणं आलं तेव्हा माझं खातं चालू होतं. मग ते त्यांनी बंद केलं. येऊ नका असं मात्र कोणी कळवलं नाही. म्हणून सकाळची पहिली एसटी धरून गेले. म्हटलं, समोरासमोर बोलू.

"खोटी खाती कशी ओळखायची त्याचा हा नमुना," सर सांगत होते. "एका बाईने एका दुपारी, एका लॅपटॉपवरून अख्खा कोळीवाडा उभा केला. कल्पनाशक्ती बघा. एक म्हातारीसुद्धा घेतली."

पुन्हा हसले. पहिल्या रांगेतला एक तरुण सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याला मी ओळखत होते. आमच्या गावच्या वाडीवाल्यांचा नातू. आमच्या गावातल्या नारळी-पोफळीच्या बहुतेक वाड्या त्यांच्या. गावात त्यांना नुसतं वाडीवाले म्हणतात.

मी दिघीला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. सात वर्षांपूर्वी दुपारी गिऱ्हाईक नसताना या ज्ञानकोशात लिहायला लागले. कोणीही लिहावं, कोणाला पगार नाही, कोणी मोठा नाही, असं त्यावर लिहिलेलं. मी भाबडी. मला ते खरं वाटलं. मी मासळीवर लिहिलं, जाळ्यांवर लिहिलं, खाड्यांवर लिहिलं. शे-दीडशे पानं असतील. कोळ्याच्या पोरीने लिहिलेलं पुण्या-मुंबईची माणसं वाचतात, याचं मला फार अप्रूप होतं. सर तर एकदा माझ्या पानावर 'उत्तम' असं लिहून गेले होते. सर म्हणजे त्या कोशाचे प्रचालक. कोणाचं खातं ठेवायचं, कोणाचं बंद करायचं, ते त्यांच्या हातात.

मग एक दिवस मी माझ्या गावाचं पान उघडलं. त्यात एक वाक्य होतं. 'मासळी सुकवण्याची जागा कोळी कुटुंबांनी स्वखुशीने सोडली.' खाली संदर्भ. वाडीवाल्यांचा कुलवृत्तांत. त्यांनीच लिहिलेला, त्यांनीच छापलेला, स्वतःच्या घराण्याचं कौतुक करणारा.

स्वखुशी मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी सातवीत होते. त्या जागेला आम्ही खळं म्हणतो. सकाळची वेळ, बायका बोंबील वाळत घालत होत्या. दहा-बारा माणसं आली. हातात काही नव्हतं त्यांच्या. आमच्याच मांडवाचे बांबू उपसले आणि त्यांनीच मारायला लागले. बायकांच्या पाठीवर, पोटऱ्यांवर, डोक्यावर. शेजारच्या काकीच्या कानातून रक्त आलं. बोंबील पायाखाली चिरडले. आमच्याच होड्यांतलं रॉकेल जाळ्यांवर ओतलं, काडी लावली. नायलॉन जळतं तेव्हा थेंब थेंब गळतं. ते थेंब माझ्या पायावर पडले, डाग अजून आहेत. आई मांडवाचा शेवटचा खांब धरून बसली. सोडेना. तिचा हात खांबावर असतानाच मारला. दोनदा. पहिल्यांदा ती ओरडली. दुसऱ्यांदा नुसती बसली.

वाडीवाले, म्हणजे या नातवाचे आजोबा, माडाखाली उभे होते. पांढरा सदरा. ते एवढंच म्हणाले, "बायकांना नीट बाजूला करा." दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, पडून दुखापत. आईचं मनगट वाकडं जुळलं. अजून त्या हाताने तिला तांब्या उचलत नाही. खळ्यावर आता कॉटेजेस आहेत, पोहायची टाकी आहे.

मी ते वाक्य काढलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. परत काढलं. परत आलं. परत लावणारा हा नातूच. कोशात तो मोठ्या नावाने वावरतो. त्याने मला लिहिलं, 'संदर्भ द्या.' मी लिहिलं, माझी आई. तो म्हणाला, 'आई हा संदर्भ नव्हे.' त्याच्या आजोबांचं पुस्तक मात्र संदर्भ. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

एवढ्यावर मी सोडलंही असतं. पण खळ्यासाठी आमचा अर्ज प्रांत कचेरीत पडून आहे. तारखेला वाडीवाल्यांच्या वकिलाने याच पानाची छापील प्रत पुढे केली. म्हणाला, "साहेब, ज्ञानकोशातच लिहिलंय, स्वखुशीने." साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि मान डोलावली. आजोबाने पुस्तकात लिहिलं, नातवाने कोशात चढवलं, वकिलाने कचेरीत नेलं. त्या एका वाक्यावर आमचं खळं कायमचं जाणार होतं.

कोशात वाद झाला की तो चावडीवर मांडायचा. तिथल्या चर्चेच्या पानाला चावडीच म्हणतात. मी मांडला. सरांनी लिहिलं, 'गावातल्या इतरांचं मत आल्यास विचार करू.' मला आनंद झाला. इतर? इतर भरपूर आहेत.

आमच्या कोळीवाड्यात एक रीत आहे. भांडण असलं की बैठक बसते. ज्याला बोलायचंय त्याने सगळ्यांसमोर बोलायचं. घरात बसून कुजबुजलेलं बैठक धरत नाही. समोर सगळे असले की खोटं बोलता येत नाही, शेजारीच टोकतो. मी तेच केलं. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बैठक बोलावली. माझा लॅपटॉप मधे ठेवला. त्या दिवशी खळ्यावर मार खाल्लेले, पाहिलेले तेराजण आले. एकेकाचं खातं उघडलं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहिलं, ज्यांना येत नाही त्यांनी सांगितलं आणि मी जसंच्या तसं उतरवलं. कोळीवाड्याचा पाटील शेजारी बसून ऐकत होता, चुकलं तर थांबवत होता. आईने डाव्या हाताने एकेक अक्षर दाबून आपलं नाव स्वतः लिहिलं. अर्धा तास लागला. सगळे थांबले.

आम्हाला वाटलं, याहून खरी साक्ष कुठली? त्यांच्या यंत्राला दिसलं, एक लॅपटॉप, एक दुपार, चौदा नावं. संध्याकाळच्या आत माझं धरून चौदाही खाती बंद. कारण, 'एकाच व्यक्तीच्या कळसूत्री बाहुल्या.' कोणी फोन केला नाही. कोणी दिघीची बस पकडली नाही. आमच्यात जी सगळ्यांत चोख रीत, ती त्यांच्यात सगळ्यांत मोठी लबाडी. हे मला माहीत नव्हतं. चूक म्हणाल तर एवढीच.

आता त्या हॉलमध्ये मी उभी राहिले.

"सर, ती बाई मी."

हसणं थांबलं. सर गडबडले, पण क्षणभरच. मला वर बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"ताई, तुमचं सात वर्षांचं काम आहे. वाया कशाला घालवता? नियमात वाट आहे. एक ओळ लिहा. ही सगळी खाती मीच उघडली, यातला एकही माणूस खरा नाही, पुन्हा करणार नाही. तुमचं जुनं खातं आत्ता उघडून देतो."

त्यांनी आपला लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. सात वर्षं. माझ्या आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. बोटं चालायला लागली. 'ही सगळी खाती मीच उघडली, यातला एकही माणूस' इथपर्यंत लिहिलं. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. पुढचे दोन शब्द लिहायचे म्हणजे आईला माझ्या हाताने पुसायचं. बोटं थांबली.

पहिल्या रांगेतून नातू म्हणाला, "लिहून टाक गं. स्वखुशीने लिही."

काही जण हसले. सरही हसले. त्यांचा हात लॅपटॉपवर होता, मला बटण दाखवायला. मी झाकण आपटलं. जोर लावून. बोटं मधे होती हे मला दिसत होतं. सर किंचाळले. मी परत आपटलं. नातू धावत आला, त्याने माझी वेणी धरून मागे खेचलं. मी त्याच्या दंडाला चावले, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. मग दोघा-तिघांनी उचलून मला बाहेर टाकलं. कपाळ पायरीवर आदळलं. मागून कोणीतरी म्हणालं, "ही असलीच जात." ते मात्र संदर्भाशिवाय चाललं.

मला लाज वाटत नाही. मला अजून मारायचं होतं. वर्षानुवर्षं हात जोडून 'कृपया' लिहीत बसले, त्याची लाज वाटते.

घरी गेले. आईने कपाळाला हळद लावली. मी तिला सगळं सांगितलं.

"कं म्हनला तो? मी न्हाय?"

"व्हय."

"मंग मना मारला तवा त्यांनी कोनाला मारला?"

तिने हळदीची वाटी बाजूला ठेवली. म्हणाली, "पाटलाला सांग, बैठक बसव."

बैठक बसली. तेराच्या तेराजण आले. एकाने सुचवलं, आपापल्या फोनवरून, वेगवेगळ्या गावांत जाऊन खाती उघडूया, मग यंत्राला कळणार नाही. मी नाही म्हटलं. आम्ही खरे असताना चोरासारखे पांगून का बसू? जबान्या पुन्हा घ्यायचं ठरलं, त्याच खोलीत, सगळ्यांच्या देखत, त्याच लॅपटॉपवर. या वेळी प्रत्येकाच्या तोंडचं, प्रत्येकाचा अंगठा, प्रत्येकाचा फोटो. आणि छापायचं. त्यांना छापलेलंच लागतं ना? ही माझी जबानी, पहिली. दुसरी आईची. अजून बारा आहेत. मारणाऱ्यांची नावं त्यांत आहेत.

पुढच्या तारखेला प्रांत कचेरीत वकील कागद पुढे करेल. आम्ही चौदाजण उभे राहू. साहेबांनी आधी आम्हाला मोजावं, मग कागद वाचावा.

माझं खातं मी मागणार नाही. ती ओळ पुरी करणार नाही. पण ते वाक्य त्या पानावरून निघेपर्यंत अलिबागच्या प्रत्येक कार्यशाळेला जाणार, आईला घेऊन जाणार, पहिल्या रांगेत बसणार. बाहेर काढलं तर परत आत येणार. कोणी आईला हात लावला, तर तो हात मी मोडणार.